फिलिपिन्सच्या साइटवर पीआरसीचं इन्स्पेक्शन येतंय, आमच्या ॲग्री इंजिनिअरांकडे लायसन्सच नाही, काय करावं?

महापे_ड्रायर
नमस्कार मंडळी. मी महाप्याला एका छोट्या कंपनीत डिझाइनला आहे. धान वाळवायचे ड्रायर, बकेट एलिव्हेटर, तुसावर चालणाऱ्या भट्ट्या, गोदामात हवा खेळती ठेवायची सिस्टिम असं सगळं करतो आम्ही. शिक्षण दापोलीचं, बीटेक ॲग्री. यंदा फिलिपिन्समधल्या नुएवा एसिहा प्रांतात एका भात गिरणीचं काम मिळालंय, तिकडचा भाताचा मुख्य पट्टा तो, काम मोठं आहे आणि आमच्या कंपनीसाठी फारच महत्त्वाचं आहे.

आता परवा क्लायंटचा मेल आला की प्रोफेशनल रेग्युलेशन कमिशन म्हणजे पीआरसी, व्यवसायाची लायसन्स देणारं तिकडचं सरकारी खातं, त्यांची टीम कामाच्या जागी येऊन तपासणी करणार आहे, तर साइटवर ॲग्रिकल्चरल इंजिनिअरिंगचं काम कोण कोण करतंय त्यांची नावं आणि लायसन्स नंबर पाठवा. आमच्यापैकी कोणाकडेच असा काही नंबर नाहीये, असणार कुठून, आपल्याकडे तो प्रकारच नाही. साहेब म्हणतायत यादीत आपल्या पोरांना टेक्निशियन लिहून टाक, विषय संपला. मला ते पटत नाहीये कारण ड्रॉइंगवर डिझाइन करणारी म्हणून माझं नाव आहे, एअरफ्लोची गणितं माझी आहेत, आणि कमिशनिंगला, म्हणजे मशीन जागेवर चालू करून द्यायला, मीच जाणार आहे.

तर विचारायचं होतं की हे लोक नक्की काय बघतात? दापोलीची डिग्री दाखवली तर चालते का? कोणी तिकडे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

कोपरखैरणे_पंपवाला
ताई एवढं टेन्शन घेऊ नका, आपण मशीन विकतो, इंजिनिअरिंगची प्रॅक्टिस करत नाही. सप्लायर म्हणून जा, मशीन बसवा, टेस्टिंग करा, या परत. आम्ही आफ्रिकेत पंप बसवतो तिथे कोणी डिग्रीसुद्धा विचारत नाही.

घणसोली_ते_लागुना
पंपवाले दादा, राग मानू नका पण हा सल्ला फिलिपिन्सला लागू नाही, आणि ताईंनी तो ऐकला तर अडकतील.

मी लागुनामध्ये लॉस बॅनोसच्या आसपास बरीच वर्षं काम केलंय, तांदळाची ती आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इरी आहे ना १९६० पासूनची, त्याच भागात. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकडे ॲग्री इंजिनिअर हा डॉक्टर-वकिलासारखा लायसन्सवाला व्यवसाय आहे. आधी १९९८ चा कायदा होता, रिपब्लिक ॲक्ट ८५५९, तो काढून २०१६ ला रिपब्लिक ॲक्ट १०९१५ आणला आणि नावसुद्धा ॲग्रिकल्चरल अँड बायोसिस्टिम्स इंजिनिअरिंग केलं. डिग्री घ्यायची, मग बोर्डाची परीक्षा द्यायची, पास झालात की रजिस्ट्रेशन आणि पीआरसीचं ओळखपत्र मिळतं, ते तीन वर्षांचं असतं आणि रिन्यू करायला मधल्या काळात ट्रेनिंगचे पॉइंट्स जमवावे लागतात. परीक्षा न देता नुसत्या डिग्रीवर तिथल्या माणसालाही त्या व्यवसायात सही करता येत नाही, मग आपल्याला कुठून येणार. त्यामुळे दापोलीची डिग्री चांगलीच आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर ती नाही.

आणि ॲग्री इंजिनिअरिंगमध्ये तिकडे काय काय धरतात ते बघा. सिंचन, निचरा, मृदसंधारण, शेतीची यंत्रं, शेतावरच्या इमारती, काढणीनंतरची प्रक्रिया सगळं आलं. धानाचा ड्रायर सरळ सरळ त्यात बसतो. सप्लायर म्हणून मशीन खोक्यात भरून पाठवलं ती गोष्ट वेगळी, पण जागेवर उभं राहून डक्ट कुठून जाणार, भट्टी गोदामापासून किती लांब, फाउंडेशनला किती लोड हे तुम्ही ठरवत असाल तर ते इंजिनिअरिंगच आहे, त्याला विक्री म्हणून भागत नाही.

माझ्या अनुभवात तपासणीला आलेली माणसं गोंधळ घालत नाहीत, शांतपणे बसून कागद मागतात. इथे इंजिनिअरचं काम कोण करतं, त्याचं कार्ड दाखवा, मुदत संपलीय का बघू. मग ड्रॉइंग काढायला लावतात. ड्रॉइंगवर सही आणि सील लागतं, त्याखाली पीआरसीचा नंबर, मुदत, आणि त्या वर्षीच्या प्रोफेशनल टॅक्सच्या पावतीचा नंबर, कुठे भरली, कधी भरली. ज्याचं सील आहे तो माणूस खरोखर या कामावर आहे का, की नुसता सील भाड्याने दिलाय, हे पण विचारतात आणि मला विचाराल तर तपासणीतला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे.

आता परदेशी माणसांचं. त्यांच्या १९८७ च्या घटनेतच लिहिलंय, बाराव्या अनुच्छेदाचं कलम १४, की कायद्याने दिलेली सूट सोडली तर सगळे व्यवसाय फक्त फिलिपिनो नागरिकांनी करायचे. सूट दोन प्रकारे मिळते. एक म्हणजे परस्पर तत्त्वावर, तुमचा देश आमच्या माणसाला लायसन्स देतो तर आम्ही तुमच्या माणसाला देऊ. इथे आपण मार खातो, कारण भारतात ॲग्री इंजिनिअरचं सरकारी लायसन्सच नाही तर परस्पर देणार काय? दुसरा मार्ग स्पेशल टेम्पररी परमिटचा, ठरावीक प्रोजेक्टसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी. शिवाय त्यांच्या कामगार खात्याचं एलियन एम्प्लॉयमेंट परमिट, म्हणजे परदेशी माणसाला तिथे काम करायची परवानगी, ते वेगळं, ते कोणत्या कामाला लागतं कोणत्या नाही हे क्लायंटच्या वकिलाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

टेक्निशियन लिहायचं मात्र अजिबात करू नका. ड्रॉइंगवर एक नाव डिझायनर म्हणून आणि हजेरीत तेच नाव टेक्निशियन म्हणून, दोन्ही कागद एकाच टेबलावर येणार. आज नुसतं लायसन्स नसण्याचा प्रश्न आहे, उद्या खोटी माहिती दिल्याचा होईल, आणि त्यात नाव तुमचं असेल, साहेबांचं नाही.

ठाणे_पूर्व_सावंत
मला हे सगळं वाचून खरं सांगायचं तर भीती वाटते. माझं वागळे इस्टेटला शेती अवजारांचं युनिट आहे, नांगराचे फाळ, रोटाव्हेटरची पाती. आधीच किती खाती येतात बघायला. आता उद्या आपल्याकडे पण इंजिनिअरचं लायसन्स तपासायला माणूस येणार म्हटलं तर छोट्या माणसाने करायचं काय? मोठी कंपनी सील असलेला इंजिनिअर पगारावर ठेवेल, मी ड्रॉइंग स्वतः काढतो, वडिलांनी शिकवलेलं, त्याला डिग्री नाही. इन्स्पेक्टर आला की काय होतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

तुर्भे_कोल्डस्टोरेज
सावंत काका, तुमची भीती खोटी नाही. पण मी शीतगृहाच्या अमोनिया कूलिंग प्लँटवर काम करतो, तर माझी बाजू पण ऐका.

आमच्याकडे इलेक्ट्रिकलला सुपरवायझर परमिट असलेला माणूस लागतो, विद्युत निरीक्षक ते बघतात. प्रेशर व्हेसल तपासायला सरकारमान्य सक्षम व्यक्तीच लागते, हॉइस्टची तपासणी दर सहा महिन्यांनी, ही १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासूनची पद्धत, आता नवीन लेबर कोड आलाय तो भाग वेगळा. इथून जवळच वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे, आंबा अमेरिकेला जातो त्याआधी तिथे जातो, तर तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय प्लँट चालवताच येत नाही. म्हणजे माणसाची पात्रता कामाच्या जागी येऊन तपासणं आपल्याला नवीन नाही. पण हाच आंबा ज्या शीतगृहात ठेवायचा त्याची कूलिंग किती टनाची, हवा कशी फिरणार, दारं कुठे हे कोणी ठरवलं? कोणीही. मी एक ठिकाण बघितलंय, नाव सांगत नाही, तिथे अमोनियाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की वायू बाहेर सोडणारा, सरळ लोडिंगच्या जागेकडे तोंड करून होता, जिथे हमाल दिवसभर उभे. विचारलं डिझाइन कोणाचं तर कोणालाच माहीत नाही, कागदावर सही नाही. त्या माणसांच्या डोक्यावर ते तसंच चालू होतं आणि मला अजून त्याचा राग येतो.

काका, फाळ आणि पात्यांसाठी कोणी सील मागू नये असंच माझंही मत आहे. पण अमोनिया, भट्टी, धुळीने भरलेला एलिव्हेटर, उंच सायलो इथे तरी सही करणारा माणूस कोण हे कळलंच पाहिजे.

राहुरी_पासआउट
यात थोडी भर घालतो. आपल्याकडे शेतीत तपासणी अजिबात नाही असं नाहीये. १९८३ चा डेंजरस मशिन्स कायदा मळणी यंत्रांसाठी आला कारण थ्रेशरमध्ये लोकांचे हात जात होते, त्यात निरीक्षक आहेत, बनवणाऱ्याला लायसन्स आहे. पण तो बघतो यंत्र आणि उत्पादक, डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरची पात्रता नाही. उलट कीटकनाशकाच्या दुकानात मात्र शिकलेला माणूस लागतो, नाहीतर कृषी विभागाचा गुणनियंत्रणवाला येऊन परवाना अडवतो, म्हणून जुन्या दुकानदारांना हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा देसी (DAESI) नावाचा एक वर्षाचा डिप्लोमा करायला लावला. बरोबरच आहे ते, औषध चुकीचं दिलं तर पीक जातं. पण बाटली विकणाऱ्याला पात्रता हवी आणि शेकडो टन धान ज्यातून जातं तो ड्रायर डिझाइन करणाऱ्याला काहीच नको, हे मला कधी समजलं नाही.

आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, नंबर आहे. आम्हाला इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं चार्टर्ड इंजिनिअर मिळतं, ती संस्था १९२० ची, मान आहे तिला, पण ते कायद्याने दिलेलं लायसन्स नव्हे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली चारही विद्यापीठांतून पोरं बाहेर पडतात आणि आपल्या विषयाचं काम नेमकं कोणाचं हे कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे बँकेची परीक्षा देत बसतात. माझ्या बॅचचे निम्मे तरी असेच गेले, चांगली डोकी होती.

कोपरखैरणे_पंपवाला
घणसोलीवाले बरोबर बोलतायत, मला तिकडची घटना वगैरे माहीत नव्हती. पण मग ताईंनी करायचं काय, काम सोडायचं का?

घणसोली_ते_लागुना
काम सोडायची गरज नाही. लायसन्स असलेला तिकडचा ॲग्री इंजिनिअर कामावर घ्या, आणि आत्ता घ्या, तपासणीच्या आदल्या दिवशी नाही. त्याला तुमची गणितं द्या, कच्ची सुद्धा. धान किती ओलाव्याने येणार, १४ टक्क्यांवर आणायला किती वेळ धरलाय, भट्टीची ठिणगी ड्रायरमध्ये जाऊ नये म्हणून काय केलंय, हे त्याने तपासून त्याला पटलं तर तो सील करेल. नाही पटलं तर बदला. त्यांचं मशीन टेस्टिंग सेंटर पण लॉस बॅनोसच्या विद्यापीठातच आहे, ॲमटेक म्हणतात, तुमच्या ड्रायरचा टेस्ट रिपोर्ट लागतोय का हे त्यालाच विचारा, त्याला ते रोजचं आहे. तुम्ही मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या डिझायनर म्हणूनच राहा, नाव काढू नका, फक्त साइटवरच्या इंजिनिअरिंगची जबाबदारी त्याची. आणि तुम्हाला स्वतःला साइटवर निर्णय घ्यायचे असतील तर टेम्पररी परमिटचं आजच विचारा, ते क्लायंटमार्फत होतं, वेळ लागतो.

महापे_ड्रायर
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः घणसोलीच्या दादांचे. आज साहेबांना हे सगळं दाखवलं. टेक्निशियनवाली यादी मी पाठवणार नाही हे स्पष्ट सांगितलं, आधी चिडले, मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवल्यावर गप्प बसले. क्लायंटला मेल गेलाय, खरी नावं, खरी पदं, आमच्याकडे पीआरसी लायसन्स नाही हे सरळ लिहिलंय आणि तिकडचा इंजिनिअर नेमायचा खर्च आम्ही उचलतो असंही लिहिलंय.

तुर्भेवाल्या दादांचं रिलीफ व्हॉल्व्हचं वाचून आमच्या ड्रायरच्या एक्झॉस्टचं तोंड कुठे येतंय ते परत बघितलं. पोती उतरवायच्या शेडकडेच येतंय. धूळ आणि धूर दोन्ही तिकडे जाणार. ते आज बदलायला घेतलंय, सीलची वाट बघत नाही. दादा, शेडपासून किती लांब आणि छपरापासून किती उंच न्यावं असं तुम्हाला वाटतं? जागा तशी अरुंद आहे, दोन्ही बाजूंना भिंत.