मदत हवी आहे: एक्स्चेंजने बिटकॉइन अडकवलं, कारण म्हणे 'डार्कनेट मार्केटशी संबंध'

शंकासुर
तातडीने मदत हवी आहे. जुन्या वॉलेटमधलं बिटकॉइन विकायचं म्हणून एक्स्चेंजवर पाठवलं. कन्फर्मेशन्स झाली, बॅलन्समध्ये आकडा दिसतोय, पण विकताही येईना आणि परत काढताही येईना. सपोर्टकडून एका ओळीचा मेल आला: 'निधीचा डार्कनेट मार्केटशी संबंध आढळल्याने पडताळणी सुरू आहे.' मी आयुष्यात तसल्या, ड्रग्ज वगैरे विकणाऱ्या छुप्या साइटवर पाऊल ठेवलेलं नाही. पैशांची गरज आत्ता आहे, पुढच्या वर्षी नाही. कोणाचं असं झालंय का, आणि कसं सुटलं? कृपया उपदेश नको, उपाय सांगा.

जुनी_वही
नाणी तुमच्याकडे कुठून आली ते लिहिलंच नाहीत. कधी, कोणाकडून, मधे कुठे फिरली का? आणि संबंध थेट आहे की चारपाच व्यवहार मागचा, ते सपोर्टने सांगितलं का?

शंकासुर
जुनी आहेत म्हटलं ना. २०१७ ची. माझीच आहेत. त्याचा इथे काय संबंध?

खडूस
एक्स्चेंजवाले नेमका तोच संबंध शोधतायत. चालू द्या.

बिनतारी
आधी एक गैरसमज दूर करतो. डीप वेब आणि डार्क वेब एकच नव्हे. तुमचा मेलचा इनबॉक्स, बँकेचं लॉगिन केल्यावरचं पान, हे सगळं डीप वेब. म्हणजे सर्च इंजिनला न दिसणारं. डार्क वेब (म्हणजेच डार्कनेट) हा त्याचा छोटासा कोपरा, त्याला टॉरसारखं ओळख लपवणारं सॉफ्टवेअर लागतं. टॉरचं मूळ काम अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झालं, आणि टॉर वापरणं हा बहुतेक ठिकाणी गुन्हा नाही. पत्रकारही वापरतात.

शंकासुर
धन्यवाद, पण हे कोणी विचारलं होतं?

निळा_कावळा
मी सांगतो काय झालंय ते. मार्केटवर धाड पडली की सगळी एक्स्चेंजेस घाबरून दारं लावून घेतात आणि भाव आपटतो. सिल्क रोड हे डार्कनेट मार्केट बंद झालं तेव्हा आपटला, अल्फाबे हे दुसरं मार्केट बंद झालं तेव्हाही. आत्ता विकू नका, थोडं थांबा, आपोआप सुटेल. आणि इथून पुढे मोनेरो हे दुसरं नाणं वापरा. मोनेरोत मागचा माग निघत नाही, म्हणजे ही कटकटच नाही.

लेजर_बघ्या
कावळेबुवा, अर्धवट माहिती आहे. सिल्क रोडचं खरं. २ ऑक्टोबर २०१३ ला बातमी आली तेव्हा बिटकॉइन साधारण १४० डॉलरवरून ११० च्या आसपास घसरलं. पण काही दिवसांत सावरलं, आणि त्याच नोव्हेंबरच्या शेवटी १,००० डॉलरच्या वर होतं. 'ड्रग्जचा बाजार गेला की नाण्याला विचारणार कोण' म्हणणारे तेव्हाच तोंडावर पडले.
अल्फाबेचं तर साफ चूक. जुलै २०१७ च्या मध्यात भाव २,००० च्या खाली गेला तो सॉफ्टवेअर बदलावरून साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची उघडी नोंदवही) दुभंगेल या भीतीने. २० जुलैला अमेरिका आणि युरोपोल या युरोपच्या पोलीस यंत्रणेने अल्फाबे, हान्सा दोन्ही मार्केटं बंद केल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी भाव चढत होता.

निळा_कावळा
आणि जर्मनीने २०२४ मध्ये हायड्रा मार्केटची नाणी विकून बाजार पाडला तो? तोही आम्हाला स्वप्नात दिसला का?

लेजर_बघ्या
हायड्राची नव्हेत हो! हायड्रावर एप्रिल २०२२ मध्ये छापा पडला, त्यात ५४३ बिटकॉइन मिळाली. २०२४ च्या जून-जुलैत सॅक्सनी राज्याने विकली ती जवळपास ५०,००० नाणी 'मूव्ही२के' या चोरट्या चित्रपटांच्या साइटच्या प्रकरणातली. डार्कनेटचा तिथे काही संबंध नव्हता. विक्रीतून २.६४ अब्ज युरो आले. शिवाय त्याच सुमारास माउंट गॉक्स या बुडालेल्या एक्स्चेंजची परतफेड सुरू होणार म्हणूनही लोक घाबरले होते. सरकारी विक्रीने भाव हलतो हे मान्य. धाडीने फार काळ हलतो हे नाही.

खडूस
धागाकर्त्यांचे पैसे अडकलेत आणि इथे २०१३ च्या भावाची चर्चा. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मितभाषी
पॉपकॉर्नवरून आठवलं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये जेम्स झोंग नावाच्या माणसाने सिल्क रोडच्या पैसे काढायच्या यंत्रणेला गंडवून ५०,००० च्या वर बिटकॉइन लांबवली. नऊ वर्षं कोणी हात लावला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या घरी झडती झाली. काही ऐवज जमिनीखालच्या तिजोरीत होता आणि काही नाण्यांच्या किल्ल्या (नाणी खर्च करायला लागणारे गुप्त आकडे) एका छोट्याशा सर्किट बोर्डवर. तो बोर्ड न्हाणीघरातल्या कपाटात, पॉपकॉर्नच्या पत्र्याच्या डब्यात, पांघरुणांखाली ठेवलेला! ५०,६७६ बिटकॉइन जप्त झाली. तोवर खुद्द सिल्क रोड बंद पडूनही आठ वर्षं झाली होती.

हे शंकासुरांसाठी सांगतोय. भावाचा वाद बाजूला ठेवा. धाडीचा भावावरचा परिणाम चार दिवसांत विरतो, नाण्याच्या इतिहासावरचा विरत नाही. मार्केट पकडलं जातं तेव्हा पोलिसांच्या हाती सर्व्हर लागतो. त्यात ऑर्डरी, विक्रेत्यांची खाती, पैसे भरायचे पत्ते. हान्साचं उदाहरण घ्या. डच पोलिसांनी ते २० जून २०१७ ला ताब्यात घेतलं आणि बंद न करता २७ दिवस स्वतः चालवलं. मधे जुलैच्या सुरुवातीला अल्फाबे बंद पाडलं, तर तिथलं गिऱ्हाईक धावत हान्सावर आलं, म्हणजे सरळ पोलिसांच्या दुकानात. ग्राहकांनी टाकलेले घरचे पत्ते सांकेतिक लिपीत कुलूपबंद होण्याआधीच नोंदले जातील असा बदल त्यांनी साइटमध्ये करून ठेवला होता.

असं काही हाती लागलं की साखळीवरच्या पत्त्यांना नाव चिकटवता येतं. चेनॅलिसिस, एलिप्टिकसारख्या कंपन्यांकडे अशा नावं लावलेल्या पत्त्यांचे संच असतात आणि एक्स्चेंजेस येणारं प्रत्येक डिपॉझिट त्यावर ताडून बघतात. त्यामुळे २०१७ मध्ये ज्या पत्त्याबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हतं, त्याला आज लेबल असू शकतं. तुम्ही काही न करता तुमची नाणी मागाहून 'डागाळलेली' ठरतात. म्हणूनच जुनी_वही विचारतायत की ती आली कुठून.

शंकासुर
बरं. पूर्ण लिहितो. मी तेव्हा वेबसाइटी बनवून द्यायचो. परदेशी क्लायंट होता, तो बिटकॉइनमध्ये पैसे द्यायचा. तो कुठून आणायचा मला काय माहीत? काम केलं, पैसे घेतले. बस.

जुनी_वही
सगळी नाणी त्या क्लायंटचीच?

शंकासुर
बहुतेक.

खडूस
'बहुतेक' :)

शंकासुर
थोडी नंतर एका चॅट ग्रुपवरच्या माणसाकडून घेतली होती. बाजारभावापेक्षा जरा स्वस्त देत होता. तेव्हा सगळेच घेत होते.

लेजर_बघ्या
स्वस्त का देत होता, असं विचारलं होतं का त्याला?

अनुराधा_एम
अहो, त्यांना कोंडीत काय पकडताय सगळे. मी वेगळ्या कंपनीत पण याच प्रकारच्या पडताळणीचं काम केलेलं आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

ब्लॉकचेनवर येणारं डिपॉझिट एक्स्चेंजला दारातूनच परत पाठवता येत नाही. ते आलं की आलं. मग ते गोठवून चौकशी करतात. मेलमध्ये तपशील नसतो याला कारण आहे. संशयित व्यवहाराची माहिती सरकारी यंत्रणेला दिली असेल तर ग्राहकाला ते सांगायला बऱ्याच देशांत कायद्यानेच बंदी असते. तेव्हा सपोर्टच्या पोराशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

तुमच्याकडून त्यांना हवा असतो पैशांचा उगम. प्रत्येक आवक व्यवहाराचा आयडी, तारीख, कशाबद्दल मिळाले, आणि त्याला जुळणारा कागद: करार, मेल, कामाची फाइल, जे असेल ते. क्लायंटची नाणी आणि त्या ग्रुपवाल्याची नाणी वेगळी मांडा. दोन्ही एकत्र एकाच व्यवहारात पाठवलीत का?

शंकासुर
वॉलेट रिकामं करायचं होतं, सगळं एकदम पाठवलं.

मितभाषी
हेच. वेगवेगळ्या पत्त्यांवरची नाणी एका व्यवहारात खर्च केली की साखळी बघणारा ते सगळे पत्ते एकाच मालकाचे धरतो. आणि डाग मोजायच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. एका रीतीत थेंब पडला की अख्खी घागर बाटली, दुसरीत जेवढा हिस्सा तेवढाच डाग, तिसरीत आधी आलेलं आधी गेलं असा हिशोब. तुमचं एक्स्चेंज कोणती रीत लावतंय यावर सगळं अडकतंय की थोडंच, ते ठरतं.

झटपट_राव
एवढा घोळ कशाला? एक्स्चेंजला सांगा परत पाठवा, मग मिक्सरमधून (अनेकांची नाणी मिसळून माग पुसणाऱ्या सेवेतून) काढा आणि दुसऱ्या एक्स्चेंजवर टाका. काम फत्ते.

अनुराधा_एम
कृपया असं काही करू नका. मिक्सरमधून आलेलं नाणं हा स्वतःच लाल शेरा असतो. आणि चौकशी चालू असताना माग पुसायचा प्रयत्न केला तर आत्ता जो केवळ प्रश्न आहे त्याचा गुन्हा होऊ शकतो.

लेजर_बघ्या
शिवाय मिक्सर चालवणारेच आत जातायत. बिटकॉइन फॉग चालवल्याबद्दल रोमन स्टर्लिंगॉव्हला मार्च २०२४ मध्ये दोषी ठरवलं, नंतर साडेबारा वर्षांची शिक्षा. चिपमिक्सर मार्च २०२३ मध्ये बंद पाडलं.

झटपट_राव
टॉर्नेडो कॅश या मिक्सरवरचे निर्बंध तर उठवले ना अमेरिकेने? मग?

लेजर_बघ्या
मार्च २०२५ मध्ये उठवले, त्याआधी अपील न्यायालयाने अर्थखात्याच्या विरोधात निकाल दिला होता. पण तो इथेरियम या वेगळ्या साखळीवरचा, आपोआप चालणाऱ्या कोडचा मुद्दा होता. त्यावरून 'मिक्सर चालतो' असं कोणत्याही एक्स्चेंजने ठरवलेलं नाही.

शंकासुर
एक विचारतो. वॉलेटमध्ये 'कॉइनजॉइन' म्हणून पर्याय होता, प्रायव्हसीसाठी. तो मी चालू ठेवलेला होता. ते मिक्सरमध्ये धरतात का?

जुनी_वही
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

शंकासुर
वॉलेटनेच दिलेला पर्याय आहे, मी बाहेरून काही आणलं नाही!

मितभाषी
धरतात. कॉइनजॉइनमध्ये अनेकांची नाणी एका व्यवहारात एकत्र येऊन समान रकमांत बाहेर पडतात. तुमच्याबरोबर त्या फेरीत कोण होतं हे तुम्हाला कळत नाही. कदाचित मार्केटचा डाग क्लायंटचा नसेल, ग्रुपवाल्याचाही नसेल, फेरीतल्या अनोळखी माणसाचा असेल.

निळा_कावळा
म्हणूनच म्हणत होतो, मोनेरो. अल्फाबेने २०१६ मध्ये मोनेरो घेणार असं जाहीर केलं आणि भाव काही दिवसांत कितीतरी पट झाला. लोकांना कळतं काय सुरक्षित आहे ते.

लेजर_बघ्या
आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने मोनेरो काढून टाकतो म्हटल्यावर तोच भाव धाडकन पडला. धाडींचा खरा फटका कुठे बसतो ते इथे दिसतं. बिटकॉइनला माग आहे म्हणून ते एक्स्चेंजवर टिकलं, मोनेरोला माग नाही म्हणून त्याला एकेक दार बंद होतंय. आणि मोनेरोवर चालणारं मार्केट पडत नाही असंही नाही. आर्केटिप फक्त मोनेरो घेत होतं, जून २०२५ मध्ये पडलं, चालवणाऱ्याला बार्सिलोनात धरला. नाणं लपतं हो, माणूस लपत नाही.

बिनतारी
अवांतर: पोलीस तरी कुठे धुतल्या तांदळासारखे. सिल्क रोडच्या तपासातले दोन अमेरिकी अधिकारी, अमली पदार्थ विभागाचा कार्ल फोर्स आणि सीक्रेट सर्व्हिसचा शॉन ब्रिजेस, तपास चालू असतानाच बिटकॉइन चोरत होते. ब्रिजेसने सिल्क रोडच्या पकडलेल्या कर्मचाऱ्याचं लॉगिन वापरून विक्रेत्यांची खाती धुतली, आणि संशय आला त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यावर! दोघेही तुरुंगात गेले.

खडूस
शेवटी साखळीवरच सापडले ना तेही? मग मुद्दा काय?

बिनतारी
मुद्दा काही नाही, गंमत म्हणून सांगितलं.

रिकव्हरी_तज्ज्ञ_२४
*(हा प्रतिसाद संपादकांनी अप्रकाशित केला आहे.)*

अनुराधा_एम
शंकासुर, 'आम्ही अडकलेले पैसे सोडवून देतो' म्हणणारे आता तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतील. कोणालाही उत्तर देऊ नका, वॉलेट उघडणारे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द तर कोणालाच नाही, सपोर्टलाही नाही. पत्ता तुमचाच आहे हे दाखवायचं असेल तर वॉलेटमध्ये 'साइन मेसेज' असतं, तेवढं पुरतं.

आणि कॉइनजॉइनचं स्वतःहून लिहा. त्यांना ते दिसतंच आहे. तुम्ही लपवलंत तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो.

शंकासुर
सपोर्टचा नवा मेल आला. क्लायंटचं बिल मागतायत. २०१७ सालचं बिल कुठून आणू? सगळं मेलवर बोलणं व्हायचं.

मितभाषी
मेल चालेल. पण स्क्रीनशॉट नको, मूळ मेल पूर्ण हेडरसकट (मेल कुठून आला याच्या तांत्रिक नोंदीसकट) उतरवून द्या. अल्फाबे चालवणारा अलेक्झांडर काझेस हेडरमुळेच उघडा पडला होता. साइटच्या स्वागताच्या मेलमध्ये त्याचा खाजगी हॉटमेल पत्ता राहून गेला होता. त्याला ते भोवलं, तुम्हाला उपयोगी पडेल.

शंकासुर
तीन मेल सापडले, एकात व्यवहाराचा आयडी पण आहे. पाठवतो आज.

खडूस
छान. आणि त्या स्वस्तवाल्याचं काय?

शंकासुर
त्याचं खातं डिलीटेड दाखवतंय. ग्रुपचं चॅट जुन्या फोनमध्ये असेल. फोन चार्ज होतोय का बघतो.