जळगावच्या उन्हाळ्यात सुलकाटा कासवाच्या पिल्लाखाली काय अंथरावं?

तापीकाठ (जळगाव):
सुलकाटाचं पिल्लू आहे, पाठ साधारण ९ सेंमी. तीन फुटी काचेच्या टाकीत ठेवलंय, खाली गिरणा नदीची वाळू. दुकानदाराच्या मते वाळवंटी कासवाला वाळूच लागते. पण पाठीवरचे चौकोन शंकूसारखे वर येताना दिसतात. वाळूऐवजी शेतातली काळी माती चालेल का? आणि अंगणात कधी सोडायचं?

मुरूममाती (धुळे):
आधी खात्री करा भो, सुलकाटाच आहे ना? पाठ एकरंगी, पिवळट-तपकिरी हवी. पिवळ्या चांदण्या असतील तर ते स्टार कासव. ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सुलकाटा विदेशी असलं तरी त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते.

वाळू आजच काढा. चाऱ्याबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. शिवाय ती ओल धरत नाही. सुलकाटा आफ्रिकेतल्या साहेलच्या कोरड्या पट्ट्यातलं खरं, पण दिवसाचा मोठा भाग ओलसर बिळात काढतं. पिल्लाला ७०-८० टक्के दमटपणा लागतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तो आपोआप मिळत नाही, म्हणून पाठ उंचावते.

काळी माती नुसती नको. ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की दगड. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी चाळलेली लाल किंवा पोयटा माती घ्या. १२० × ६० सेंमीच्या खोक्यात १० सेंमी थर म्हणजे ७२ लिटर, त्यात ३६ लिटर कोकोपीट. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त लागते. कोकोपीट दोनदा धुवून पिळा, त्यात क्षार असतात. मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.

पाणी वरून शिंपडू नका, चार कोपऱ्यांत ओता. खालचा थर ओला, वरचा कोरडा राहिला पाहिजे. पोटाखाली सतत ओल राहिली तर कवच कुजतं. देवदाराचा किंवा चीडचा भुसा अजिबात नको, त्याचा उग्र वास फुप्फुसाला बाधतो.

काचेऐवजी प्लायवूडचं खोकं बरं. काचेपलीकडचं दिसतं म्हणून पिल्लू दिवसभर धडका देतं, आणि टाकी उन्हात ठेवली तर आत भट्टी होते. वर खिडकीच्या काचेतून यूव्हीबी (उन्हातले कासवाला लागणारे अतिनील किरण) येत नाही ते वेगळंच. एका टोकाला ३५-३८ अंश, दुसऱ्या टोकाला २६-२८. यूव्हीबीची लांब नळी लावा, वर्षाने बदला. बल्ब उजेड देत राहतो, यूव्हीबी मात्र आधीच संपलेली असते.

भुसावळकर४५:
अंगणाबद्दल. सकाळी कोवळ्या उन्हात तासभर आताही सोडा, पण वर जाळी हवीच. कावळे आणि मुंगूस पिल्लू उचलतात. मे महिन्यात नऊच्या आत परत घ्या.

कायमचं ठेवायचं ते मोठं झाल्यावर. नर ४०-५० किलोपर्यंत जातो, त्यामुळे तारेचं कुंपण निरुपयोगी. विटांची दोन फूट भिंत बांधा, पाया दीड फूट खोल, कारण ते खणतंच. काळ्या जमिनीत त्याचं बीळ पावसात ढासळतं. म्हणून उतरत्या खड्ड्यात रुंद सिमेंटचा पाइप बसवा, आत वळता येईल एवढा, आणि वर दोन फूट मुरूम टाका. तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवा. पत्र्याचं छप्पर टाळा, खाली भाजून निघतं.

जानेवारीत धुळ्याची रात्र दहाच्या खाली जाते, तेव्हा आत घ्या. सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवरच (ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) चालवा.

तापीकाठ (जळगाव):
वर झाकायला केळीची वाळलेली पानं टाकू का? इथे ढिगाने मिळतात.

मुरूममाती (धुळे):
करपा रोगावर फवारणी झालेल्या बागेतली नकोत, ते पानं खाणारच. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतातली मातीही त्याच कारणाने नको. परसातल्या न फवारलेल्या केळीची पानं असतील तर खुशाल टाका, आठवड्याला बदला. बुरशी धरली की लगेच.