एझेड३१ (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम-जस्त मिश्रधातू) पत्रा वाकवताना तडकतो, मिश्रधातू बदलावा का?

मकरपुरा_वर्कशॉप (वडोदरा): २ मिमीचा एझेड३१ पत्रा थंडच ४ मिमी त्रिज्येत ९० अंश वाकवला की बाहेरून तडा जातो. ॲल्युमिनियम वाढवून फरक पडेल? ताकद घटायला नको.

धातुवेध: ॲल्युमिनियम वाढवू नका, कणांच्या (धातूतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमांवर ठिसूळ संयुग वाढेल. मूळ अडचण स्फटिकाची आहे. मॅग्नेशियमची रचना षट्कोनी. थंड असताना थर जवळपास तळाच्या प्रतलावरच (षट्कोनाच्या सपाट पातळीवर) सरकतात. रोलिंगमध्ये ही प्रतले पत्र्याला समांतर होतात, मग जाडीच्या दिशेने धातूला सरकायला वाटच उरत नाही. ॲल्युमिनियम वगळून १ टक्का जस्त आणि ०.२ ते ०.३ टक्के कॅल्शियम घ्या. ३५०-४०० अंशांवर रोलिंग, नंतर ॲनिलिंग (तापवून मऊ करणे) केले की कणांची दिशा विखुरते. कॅल्शियम भरमसाट घातले तर पुन्हा ठिसूळपणा येतो. ताकद बारीक कणांतून मिळवा. मॅग्नेशियममध्ये त्याचा लाभ ॲल्युमिनियमपेक्षा जास्त. ॲनिलिंग लांबले की कण मोठे होतात, म्हणून ते लांबवू नका.

भट्टीवाला: कॅल्शियम शेवटी, मास्टर अलॉयच्या (आधीच मॅग्नेशियममध्ये मिसळलेल्या कॅल्शियमच्या) रूपात घाला, आधी घातले तर जळून जाते. मूस (धातू वितळवायचे भांडे) साध्या पोलादाची हवी. स्टेनलेसमधले निकेल वितळात उतरते आणि पुढे माल भराभर गंजतो. हत्यारे तापवून कोरडी करूनच बुडवा. आग लागली तर पाणी अजिबात नको, हायड्रोजन सुटतो!

मकरपुरा_वर्कशॉप: आणि हातातल्या पत्र्याचं काय करू?

धातुवेध: ॲनिलिंग केलेला पत्रा थंड वाकवायचा तर त्रिज्या जाडीच्या सहापट, म्हणजे १२ मिमी धरा. ४ मिमीच हवी असेल तर पत्रा आणि डाय (वाकवायचा साचा) दोन्ही २५० अंशांच्या आसपास तापवा. नुसता पत्रा तापवला तर डायला टेकताच थंड होतो.