पार्किंगमधली काळी, रंग परत येऊन राहिला

ए-१०४ काकू: सुप्रभात सर्वांना. पार्किंगमधल्या कुत्रीच्या, आपल्या काळीच्या अंगाला खोबरेल तेल लावलं तर चालेल काय? नात म्हणते आजी नाव काळी आणि दिसते तर तांबडी. घरी अर्धी बाटली पडून आहे.

सी-३०२ ताई: काकू तेल नका लावू प्लीज. वरून चमक येते पण ती चाटते मग पोट बिघडते, आणि त्यावर पार्किंगची धूळ बसते ती वेगळीच

बी-२०१ दादा: ताई आमच्या गावाकडे कुत्र्याले खरूज झाली का गॅरेजमधलं जळकं ऑइल लावत होते. लावून पाहायचं काय

सी-३०२ ताई: नाही दादा, बिलकुल नाही. तेच कोणीतरी तिला आधी लावलं होतं. मार्चमध्ये बेसा रोडच्या त्या बंद पडलेल्या साइटवरून आणली तेव्हा पाठ काळीकुट्ट, म्हणून तर वॉचमन भाऊंनी नाव काळी ठेवलं. मी हात फिरवला तर हात चिकट झाला आणि ऑइलचा वास. भांडे घासायच्या लिक्विडने तीनदा धुतली, बादलीत नुसतं काळं पाणी आणि खाली निघाले गंजल्यासारखे तांबडे केस, पाठीवर दोन ठिकाणी तर केसच नाही, कातडी जाड आणि राखाडी. ते ऑइल चामडीतून आत जाते, चाटल्यावर पोटात जाते, लिव्हर किडनी दोन्हीला त्रास. अजून कोणाला हा उपाय सांगू नका प्लीज

ए-१०४ काकू: बाई गं. मग ती खरी काळी नाहीच काय?

सी-३०२ ताई: आहे काकू, तेच सांगून राहिली. काळा रंग बनवायला शरीराला टायरोसिन लागते, ते प्रोटीनमधून मिळते. पोळीचे तुकडे आणि बिस्किटावर जगलेल्या कुत्र्याचा काळा केस तांबडा पडतो. त्यात आपल्याकडचं ऊन, दिवसभर उघड्यावर, ऊनही रंग उडवते. तुम्ही आज तिच्या मानेमागचे केस बोटाने उलटे करून बघा, टोक तांबडं आहे पण मुळाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं काळंभोर. मी परवा ब्रश करताना पाहिलं तर खरंच डोळ्यात पाणी आलं. जो केस तांबडा झाला तो काही आता काळा होणार नाही, तो झडेल आणि खालून नवा येईल, म्हणून वेळ लागते. तीन महिने झाले, पूर्ण अंगावर यायला अजून दोन तीन तरी लागतील

सेक्रेटरी काका: ताई चांगलं काम आहे पण सी विंगच्या पालकांचा प्रश्न आहे की तिची खाज मुलांना लागते का.

सी-३०२ ताई: काका बरोबर प्रश्न आहे. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी ब्लेडने कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली, खरजेचे किडे निघाले. कानाची कड चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागायचा, तेही त्याचंच लक्षण. ही खरूज माणसाला लागू शकते, पुरळ येतात, खाज सुटते, पण तो किडा माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाही. म्हणूनच पहिले काही आठवडे मी तिला मागच्या गेटजवळ वेगळी ठेवली होती आणि तिचं पोतं गरम पाण्यात धुवायची. गोळ्या झाल्या, नंतरच्या दोन तपासण्यांत किडे नाही मिळाले. गोचीडतापही निघाला होता, त्याच्या गोळ्या २८ दिवस जेवणावर दिल्या, एकही दिवस चुकवली नाही. रेबीजची लस झाली. नसबंदी वजन भरल्यावर करू, आणली तेव्हा ११ किलो होती, आता साडेचौदा

बी-२०१ दादा: वा. खायला काय देऊन राहिले तुम्ही? आमच्याकडचं सावजी उरलं का देत जाऊ काय

सी-३०२ ताई: दादा सावजी नको, कांदा लसूण दोन्ही कुत्र्याला विषासारखे, रक्त कमी होते, आणि शिजलेलं हाड टोचते आतून. मी भात, उकडलेलं चिकन, रोज एक उकडलेलं अंडं, आठवड्यातून एकदा थोडी कलेजी देते. अंडं कच्चं नाही, कच्च्या पांढऱ्यातलं एविडिन नावाचं प्रोटीन बायोटिन हे व्हिटॅमिन धरून ठेवते आणि केसाला तेच लागते. फिश ऑइल डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलं

ए-१०४ काकू: जवस चालते काय? आपल्याकडे तर डबाभर आहे.

सी-३०२ ताई: चटणी नको काकू, त्यात लसूण तिखट. नुसतं भाजून कुटलेलं अर्धा चमचा चालते, पण जवसातलं ओमेगा कुत्र्याच्या अंगी फार कमी लागते म्हणून त्यावर भरोसा ठेवून फिश ऑइल बंद करता येत नाही. तुम्ही अंडं देता काय मंगळवार सोडून? खूप मदत होईल

ए-१०४ काकू: देते गं. मीच उकडून पाठवत जाईन.

बी-४०५: आंघोळ आम्ही घालू काय रविवारी, पोट्टे मागे लागले आहेत

सी-३०२ ताई: घाला, पण सकाळी ६ ला. दुपारी टाकीचं पाणी कढत येते, हात भाजते आपला. आपला शाम्पू वापरू नका, कुत्र्याची चामडी वेगळी असते, कोरडी पडते. माझ्याकडे डॉक्टरांनी दिलेला आहे, तो लावून १० मिनिटं तसाच ठेवायचा असते, लगेच धुतला तर औषध लागतच नाही. तेवढ्या वेळ पोट्ट्यांनी तिच्याशी बोलत बसावं, ती घाबरते पाण्याला. गरम ड्रायर नको, जुना टॉवेल

सेक्रेटरी काका: ठीक आहे. जेवणाची जागा मात्र जिना आणि खेळायच्या जागेपासून दूर ठेवू, २०२३ च्या एबीसी नियमांतही (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे सरकारी नियम) तसंच आहे. मागचं गेट चालेल?

सी-३०२ ताई: चालेल काका, धन्यवाद. आणि सी विंग पहिल्या मजल्यावाले, तुमच्या कूलरच्या नळीचं पाणी तिच्या पोत्यावरच पडून राहिलं आहे. रोज सकाळी तिचं पोट ओलं असते, तिथे नवीन केस आलेच नाहीत अजून आणि मृग तर तोंडावर आला. नळी दोन फूट भिंतीकडे वळवा नं प्लीज, मी बांधायला तार घेऊन येते

सी-१०२: सॉरी ताई लक्षातच नव्हतं. या, घरीच आहे.