मदत हवी आहे: हे दीपगृह नेमकं कोणतं?

नमस्कार मंडळी,

दीपगृहांच्या छोट्या प्रतिकृती जमवणारं कुणी आहे का इथे? जुन्या वस्तूंच्या एका पेटीत वीतभर उंचीचं रेझिनचं दीपगृह मिळालं. मनोऱ्यावर काळे-पांढरे पट्टे गोल गोल चढत गेलेत. मला आधी वाटलं अमेरिकेतलं केप हॅटरस दीपगृह, कारण तो पट्टा बघितला की तेच नाव तोंडात येतं. पण हॅटरसचा दिव्याचा कक्ष काळा आणि पायथा लाल विटांचा अष्टकोनी. माझ्याकडच्याचा माथा चक्क लाल आहे. म्हणजे फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन? तर मग खाली हे उंच खडक कुठून आले! बनवणाऱ्याने शोभेसाठी ठोकून दिलेत बहुतेक.

तळाला हिरवं फेल्ट चिकटवलंय. त्याच्या एका कोपऱ्यातून कोरलेल्या आकड्याची शेपटी डोकावते. दीपगृहांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या हार्बर लाइट्स कंपनीने 1991पासून क्रमांक घातलेल्या मर्यादित प्रती काढल्या होत्या, म्हणून उत्सुकता वाढलीय. फेल्ट न फाडता कसं सोडवायचं? हेअर ड्रायरची ऊब दिली तर डिंक सुटेल की रंगच पोपडून येईल? घाई करायची नाहीये.

शिवाय पांढरे पट्टे पिवळट पडलेत. ओल्या कापडाने पुसून फक्त धूळ गेली, पिवळेपणा जसाच्या तसा. हा उन्हाचा परिणाम असेल तर नाद सोडते. वरच्या वार्निशचा असेल तर उपाय सांगा. रंग पुन्हा द्या असं मात्र कृपया सुचवू नका, मूळ रंगाची मजा जाते.