एल आकाराच्या फळीवर बोर घाट: एचओ घ्यावं की एन? आणि कर्जत–लोणावळा पाहणीसाठी काय काय टिपावं?

पळसदरी_डाऊन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका खोलीत कर्जत ते लोणावळा हा चढ मॉडेलमध्ये करायचा आहे. खोलीची एक भिंत १० फूट आणि तिला लागून दुसरी ८ फूट मोकळी आहे. फळी दीड फूट रुंद चालेल. नाहीतर खोलीच्या मधोमध ८ बाय ४ फुटांचा एकच बोर्ड ठेवता येईल, पण मग खोलीत वावरायला जागा उरणार नाही.

मुख्य आकर्षण बँकरचं. कर्जतला गाडी थांबेल, मागून इंजिन लागेल, गाडी चढेल, वर इंजिन सुटेल आणि एकटं खाली येईल. गाडी किमान ६ डब्यांची हवी.

१) मॉडेलचं माप (स्केल) एचओ घ्यावं की त्याहून लहान एन?
२) चढ खरा, म्हणजे ३७ ला १, ठेवला तर मॉडेल चढेल का?
३) पावसाळ्यातल्या दमटपणाचं काय करायचं?
४) काम सुरू करण्याआधी चार-पाच मित्र मिळून घाट पाहायला जाणार आहोत. नुसते फोटो काढून परत यायचं नाही. मोजमाप काय घ्यावं?

---

रूळ_आणि_रेषा

आधी गाडीची लांबी काढा, स्केल आपोआप ठरेल.

आयसीएफ डबा (आपला जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा) २१.३ मीटरचा. एचओमध्ये (१:८७) तो २४५ मिमी होतो, एनमध्ये (१:१६०) १३३ मिमी. डब्ल्यूएजी-७ इंजिन एचओत साधारण २३४ आणि एनमध्ये १२७ मिमी. ६ डबे, पुढे एक इंजिन, मागे एक बँकर आणि कपलिंगची फट धरली, तर एचओची गाडी २ मीटरच्या आसपास जाते, एनची १.१ मीटर.

तुमच्या एल फळीवर कोपऱ्याची वजावट करून मधल्या रेषेवर सुमारे ५ मीटर मिळतात. एचओत कर्जतला २.१ मीटर आणि लोणावळ्याला २.१ मीटर सपाट जागा दिली की घाटाला ८० सेंटिमीटर राहतात. म्हणजे दोन स्टेशनं आणि मध्ये एक उंचवटा. एनमध्ये दोन्ही टोकांना १२५० मिमी दिले, पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) आणि चढाच्या दोन्ही टोकांची गोलाई वजा केली, तरी साधारण २२०० मिमी घाट हाती येतो. ३७ ला १ या हिशेबानं तेवढ्यात गाडी ६० मिमी वर जाते. एनमध्ये ही उंची डोळ्यांत भरते.

८ बाय ४ चा विचार सोडून द्या. डब्याच्या लांबीच्या निदान अडीचपट वळणाची त्रिज्या हवी. एचओच्या आयसीएफ डब्याला ती ६१२ मिमी होते. १२२० मिमी रुंद बोर्डावर कडेला ५० मिमी सोडून जास्तीत जास्त ५६० बसते. डबे वळतील, पण दोन डब्यांचे कोपरे इतके बाहेर येतात की पाहवत नाही, आणि मागून ढकललं की पहिल्यांदा तिथेच घसरतात. एनमध्ये अडीचपट म्हणजे ३३३ मिमी. काटो युनिट्रॅकचं (तयार जोडायचे रूळ) ३४८ किंवा ३८१ चं वळण घ्या. ३८१ चं वळण दीड फुटी फळीच्या कोपऱ्यात आरामात बसतं.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, मनाची तयारी ठेवा. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. एनमध्ये तो १०.५ मिमी व्हायला हवा, रूळ मिळतात ९ मिमीचे. एचओतही १९.३ हवा आणि मिळतो १६.५. दोन्हीकडे रूळ अरुंदच दिसणार, त्यामुळे या मुद्द्यावर स्केल ठरवू नका.

एनची खरी अडचण वेगळीच आहे. तयार भारतीय इंजिनं जवळपास नाहीतच. जपानी ईएफ मालिकेवर भारतीय रंग चढवण्याचा मोह होतो, पण त्यांच्या चाकांची रचना बो-बो-बो, म्हणजे दोन-दोन आसांच्या तीन बोगी. डब्ल्यूएजी-७ को-को आहे, तीन-तीन आसांच्या दोन. बाजूनं बघताच फरक कळतो. सहा आसांचं अमेरिकन डिझेल घेऊन त्याच्या चासीवर थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी बसवणं हा जास्त प्रामाणिक मार्ग. आधी चासीच्या दोन बोगींमधलं अंतर मोजा, मगच बॉडीची फाइल त्या मापाची करा. उलट क्रमानं गेलात तर बॉडी वाया जाते.

---

खेकडा_डब्ल्यूसीजी

वरच्या हिशेबाशी सहमत. फक्त काळ कोणता, हेही आत्ताच ठरवा. १९३० च्या सुमारास इथे १५०० व्होल्ट डीसीवर गाड्या धावू लागल्या, तेव्हा घाटात डब्ल्यूसीजी-१ ही विजेच्या इंजिनांची जात असायची. आवाजामुळे तिला ‘खेकडा’ म्हणत. ती स्विस ‘क्रोकोडाइल’ इंजिनाच्या कुळातली, आणि क्रोकोडाइलची मॉडेल एनमध्येही निघालेली आहेत. फरक इतकाच की स्विस इंजिनाला दोन्ही टोकांना एकेक लहान चाकजोडी जास्त असते, खेकड्याला नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ हे डब्ल्यूसीजी-१ उभं आहे. जाणं झालं तर त्याचे चारही बाजूंनी फोटो घ्या, मागेपुढे मोजपट्टी धरून.

आजचा काळ घेतलात तर २५ केव्ही एसी आणि डब्ल्यूएजी-७ बँकर. वंदे भारत मात्र या घाटात बँकरशिवाय चढते. ती गाडी घेतली तर तुमचा सगळा खेळच जातो.

---

फळीफेविकॉल

लाकूडकाम आणि पावसाळा.

प्लाय ९ मिमीचा, खाली २ बाय १ इंचाच्या पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या दर ४०० मिमीवर. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जे देतात ते बऱ्याचदा एमआर, म्हणजे फक्त ओल सहन करणारं असतं (आयएस ३०३). ठाण्याच्या हवेत बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारं), आयएस ७१० शिक्का पाहून घ्या. प्रायमर दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांनाही, दोन हात. वरच्याच बाजूला लावलं तर खालची बाजू जुलैत ओल पिते, वरची पीत नाही, आणि फळी धनुष्यासारखी वाकते. मग लोक रुळांना दोष देतात.

चढ फळीवर रेघा मारून करू नका. ६० मिमी रुंद प्लायची पट्टी घ्या आणि ती ठोकळ्यांवर उचला. दर ३०० मिमीला ८.१ मिमी वाढ: ८, १६, २४, ३२, ४०... तपासायची सोपी रीत: ६०० मिमी लांब पाणसळ घ्या, तिच्या उताराकडच्या टोकाखाली १६ मिमीचा ठोकळा चिकटवा. आता बुडबुडा मध्यावर आला की चढ बरोबर ३७ ला १. पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी २०० मिमी भाग पाणसळीनं नव्हे, नजरेनं गोल करून घ्या. सपाटीवरून एकदम चढ सुरू झाला तर इंजिनाचं मधलं चाक अधांतरी राहतं आणि कपलिंग वर-खाली होऊन सुटतं.

रूळ निकेल सिल्व्हरचेच. बाखमनच्या ईझी ट्रॅकमध्ये काळ्या बेसचे पोलादी असतात आणि राखाडी बेसचे निकेल सिल्व्हर. काळे स्वस्त पडतात, पण कोकणपट्टीच्या हवेत गंजतात. फ्लेक्स ट्रॅक (हातानं वाकवता येणारे लांब रूळ) वापरलात तर प्रत्येक ९१४ मिमी तुकड्यामागे अर्धा मिमी फट सोडा (जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरा). उन्हाळा-हिवाळ्यात रूळ पाव मिमीच हलतो. लाकूड दमटपणानं त्याहून जास्त हलतं, फट मुख्यतः त्यासाठी. सगळेच जॉइंट सोल्डर करू नका, फक्त वळणावरचे करा.

खडीसाठी क्रशरची कच फुकट मिळते. खऱ्या ६५ मिमी खडीचा एन स्केलमध्ये ०.४ मिमी कण होतो, म्हणून कच चहाच्या गाळणीतून नव्हे, बारीक मैद्याच्या चाळणीतून चाळा, मग धुऊन वाळवा. त्यानंतर कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून चार-पाच वेळा फिरवा. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. ते कण राहिले तर इंजिनाच्या मोटरचं चुंबक ते ओढून घेतं आणि गिअर खाल्ले जातात. चिकटवायला फेविकॉल १ भाग, पाणी २ भाग, भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब. आधी खडी फवाऱ्यानं ओली करा, मग ड्रॉपरनं गोंद. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ गोंद नकोच, तिथली खडी विरळ ठेवा.

डोंगर थर्माकोलचा करत असाल तर थिनर असलेला कुठलाही स्प्रे नको, थर्माकोल विरघळतो. आणि प्रत्येक बोगद्याला मागून १५० मिमीचं भोक ठेवा. गाडी बोगद्यातच घसरते, आणि हात आत जायला हवा.

---

मागचं_इंजिन

मॉडेल चढेल का, याचं गणित असं. सपाटीवर डबा ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण २–३ टक्के जोर लागतो. ३७ ला १ चढ आणखी २.७ टक्के मागतो. म्हणजे काम दुप्पट, शिवाय इंजिनाला स्वतःचंही वजन वर न्यायचं. सपाटीवर १० डबे नेणारं इंजिन इथे ४–५ नेईल. ६ डब्यांना बँकर शोभेचा नाही, खरोखर लागेल. खऱ्या घाटासारखंच.

बिघडतं ते मागून ढकलताना. हलका डबा दोन इंजिनांच्या मध्ये चेपला जातो आणि वळणावर उचलला जातो. एनच्या १३३ मिमी डब्याचं वजन ३६ ग्रॅम हवं. कमी असेल तर आत, तळाशी, चाकांच्या वरच गाडीच्या टायर बॅलन्सिंगच्या चिकट पट्ट्या लावा. छताजवळ वजन लावलं तर डबा डुलतो. सगळे डबे सारखे करा. एकच हलका राहिला तर तोच घसरणार.

बँकर लावायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची मांडणी एकमेकींच्या उलट आहे. कपलिंगनं जोडणार असाल तर पुढचं इंजिन किंचित वेगवान ठेवा, म्हणजे डबे ताणलेले राहतात. बँकरच्या पुढचं कपलिंग काढून नुसतं टेकवून ढकलणार असाल, तर बँकर किंचित वेगवान हवा, नाहीतर तो घाटात मागेच राहील. टेकवण्यात वर सोडवायची कटकट नाही, पण खऱ्या घाटात बँकर जोडलेलाच असतो. मला चुंबकानं सुटणारी कपलिंगच योग्य वाटतात.

वेग जुळवणं: दोन्ही इंजिनं एकेकटी चढावर सोडा, १ मीटरचा वेळ घ्या, फरक ५ टक्क्यांच्या आत आणा. डीसीसीत (प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळी डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) हे सीव्ही २, ५ आणि ६ या सेटिंगनी होतं. साध्या डीसीत एकाच कंपनीची, एकाच चासीची दोन इंजिनं घेण्याला पर्याय नाही. डीसीत विभागही कापावे लागतील: कर्जतची गाडीची लाइन, कर्जतचं बँकर सायडिंग, घाट, लोणावळ्याची मुख्य लाइन आणि तिथली लूप, असे पाच. एवढ्या स्विचांपेक्षा डीसीसी परवडतं.

फळीखालून १.५ चौ. मिमीची लाल-काळी मुख्य वायर, दर ९०० मिमीला ०.५ चौ. मिमीचे ड्रॉपर, म्हणजे तिथून रुळाला जाणाऱ्या बारीक वायरी. रुळांचे क्लिप-जॉइंट करंट वाहून नेतील या भरवशावर राहू नका, दमट हवेत ते सहा महिन्यांत दगा देतात. जोडणी झाली की दर अर्ध्या मीटरवर रुळांवर नाणं आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर (डीसीसीत रुळांना करंट पुरवणारी पेटी) लगेच बंद पडला पाहिजे. नाही पडला, तर तिथे वायर कमी आहे, आणि खरा शॉर्ट झाला तर डब्याचे प्लॅस्टिक वितळेल.

---

घाटप्रवासी

मित्रांच्या पाहणीसाठी:

लोकलनं कर्जतला उतरा. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला बँकर मागे लागतात, म्हणून प्लॅटफॉर्मचं मुंबईकडचं टोक गाठा. बँकर किती लागले, सायडिंगमधून कुठल्या पॉइंटवरून आले, टेकल्यापासून गाडी सुटेपर्यंत किती सेकंद, हे तीन-चार गाड्यांचं टिपा. तुमच्या कर्जतचा आराखडा यातूनच निघेल. मग लोणावळ्यापर्यंत एक्सप्रेसनं जा, तिचं वेगळं तिकीट काढून. लोकलचं तिकीट त्यात चालत नाही.

गाडीत कामं वाटून घ्या. एकानं किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ धरायचं: ३६०० भागिले सेकंद म्हणजे ताशी वेग. समजा ४० भरला, तर एनमध्ये तुमच्या गाडीनं १ मीटर साडेचौदा सेकंदांत कापायला हवा. बहुतेक मॉडेलं याच्या तिप्पट पळवली जातात आणि घाटाचा सगळा भार निघून जातो. दुसऱ्यानं ओव्हरहेड वायरचे खांब मोजायचे. खांबावरच्या पाटीवर वर किलोमीटर आणि खाली खांबाचा क्रमांक असतो. आपल्याच लाइनचे मोजा. सरळ रुळावर दोन खांबांत ७२ मीटरपर्यंत अंतर असतं, म्हणजे एनमध्ये ४५० मिमी. तीव्र वळणावर ते २७ मीटरपर्यंत उतरतं, म्हणजे १६९ मिमी. खांब सगळीकडे सारख्या अंतरावर लावले की घाट खोटा दिसतो. तिसऱ्यानं बोगद्यांच्या तोंडांचं दगडकाम, चौथ्यानं कॅच सायडिंग (निसटलेली गाडी अडवणारे फाटे) कुठे फुटतात ते.

बंद खिडकीतून किंवा जागेवर बसून टिपा, दारात लटकून नाही. पळसदरी किंवा ठाकूरवाडीला उतरून रुळांवरून चालत जाणं हे कलम १४७ खाली अतिक्रमण आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते, आणि उतरणारी गाडी फार कमी आवाज करते.

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे असतात, पण दरडींमुळे गाड्या रद्दही होतात. मोजमापासाठी ऑक्टोबर उत्तम, हिरवळ असते आणि दगड स्पष्ट दिसतो. दिवस उरला तर लोणावळ्याहून पुणे लोकलनं पुढे जा, कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. खेळाच्या वेळा आधी विचारून घ्या. तिथे गाड्यांपेक्षा फळीची कड आणि सिग्नलची वायरिंग पाहा.

---

पळसदरी_डाऊन

सर्वांचे आभार. एन आणि एल फळी नक्की. एकच शंका: बोगद्याच्या तोंडाची आतली उंची किती ठेवू?

---

रूळ_आणि_रेषा

संपर्क वायर (इंजिन जिच्यातून वीज घेतं ती डोक्यावरची तार) साधारण साडेपाच मीटरवर, एनमध्ये ३४ मिमी. रुळाच्या माथ्यापासून ४५ ठेवा. रुंदी एका लाइनला ४० मिमी, पण ३८१ च्या वळणावर बोगदा असेल तर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला ५-५ मिमी वाढवा. पुठ्ठ्याचं तोंड कापून सर्वांत लांब डबा हातानं त्यातून ढकला, मगच प्लास्टर ओता.