थिएटरच्या पडद्यावर 'बार्बर ऑफ सेव्हिल': बाबांना नेऊ का?

एडिसनची_मुग्धा:
बाबा पुण्याहून आलेत. नाट्यसंगीताचे वेडे, 'सौभद्र' तोंडपाठ. इथल्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी दुपारी न्यूयॉर्कच्या मेटचं (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) 'बार्बर ऑफ सेव्हिल' थेट दाखवणार आहेत. तीन तासांच्या वर, सगळं इटालियन. ऑपेरा म्हटलं की बाबा म्हणतात, "ते किंचाळणं ना?" तिकिटं काढू, की तिथे झोपच काढतील?

गारठलेला_गणू:
काढा. खाली इंग्रजी सबटायटल्स असतात. एसी मरणाचा असतो, शाल न्या.

खमाज:
मुग्धाताई, बिनधास्त काढा. पहिला ऑपेरा दाखवायचा तर हाच. म्हातारा डॉक्टर बार्तोलो पैशावर डोळा ठेवून आपल्याच आश्रित रोझिनाशी लग्न लावू पाहतोय. तरुण काउंट तिच्यासाठी वेष पालटून घरात घुसतो आणि कारस्थानं शिजवतो गावचा न्हावी फिगारो. अर्जुन संन्यासी होऊन सुभद्रेपाशी पोचतो, हा आधी झिंगलेला शिपाई आणि मग गाण्याचा मास्तर होऊन येतो. बाबांना गोष्ट समजावत बसू नका, ते तुमच्या पुढे असतील.

त्या शिकवणीच्या प्रवेशाकडे लक्ष ठेवायला सांगा. संगीतकार रोस्सिनीने तिथे रोझिनाला पद दिलंय, पण एकोणिसाव्या शतकातल्या गायिका तिथे खुशाल आपल्या आवडीचं भलतंच पद गायच्या. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

किंचाळण्याचं म्हणाल, तर रोझिनाची भूमिका मुळात खालच्या, भरदार स्त्रीस्वरासाठी लिहिलेली. पुढे सोप्रानोंनी, म्हणजे उंच आवाजाच्या गायिकांनी, पट्टी चढवून ती पळवली. तिच्या 'ऊना वोचे पोको फा' या पदात सुरावट फिरून येते तेव्हा चांगली गायिका तेच पुन्हा गात नाही, स्वतःच्या हरकती घालते. बाबांची मान तिथे हलणार. रोझिनाचा नेहमीचा गाण्याचा मास्तर बाझिलिओ, त्याचं निंदेवरचं गाणंही चुकवू नका. अफवा झुळकेसारखी निघते आणि तोफेसारखी फुटते, वाद्यवृंदही तसाच चढत जातो.

आणि हो, 20 फेब्रुवारी 1816 ला रोममध्ये पहिला प्रयोग साफ पडला. याच कथेवरचा पाइझिएल्लोचा जुना ऑपेरा लोकांचा लाडका होता, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या प्रयोगाला डोक्यावर घेतलं! रोस्सिनीला तेव्हा 24 वं वर्षही पुरं नव्हतं.

टिळकरोडकर:
खमाज, सगळं मान्य, पण थिएटरात ऐकून आवाजाबद्दल मत बनवू नये. मी मेटची ही प्रक्षेपणं मुंबईत एनसीपीएला पाहतो. मेटचं सभागृह जवळजवळ 3,800 खुर्च्यांचं आणि तिथे माइकशिवाय गातात. थिएटरात स्पीकर लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणतो. शिवाय पहिल्या अंकाच्या शेवटी सगळी पात्रं थिजून एकत्र गातात, तेव्हा कॅमेरा एकाच चेहऱ्यात शिरतो. बाकीच्यांचं काय चाललंय ते गेलं.

खमाज:
आवाजाचं बरोबर. पण विनोदी ऑपेरात बार्तोलोचा तिरका डोळा वरच्या गॅलरीतून कोणाला दिसतो? माझा तरी तिथे बसून घसा कोरडा आणि दुर्बीण हातात, अशी गत व्हायची. त्यातून दिग्दर्शक बार्टलेट शेरच्या या मांडणीत रंगमंच वाद्यवृंदाला वळसा घालून थेट प्रेक्षकांपर्यंत येतो, त्यामुळे जवळचा कॅमेरा इथे शोभतो. भव्य ऑपेरा सभागृहात, हा पडद्यावर, असं माझं मत. नाटकाची सवय असलेल्या माणसाला चेहरे दिसलेच पाहिजेत.

एडिसनची_मुग्धा:
तिकिटं काढली. बाबांचा पहिला प्रश्न, "मध्यंतरात चहा मिळतो का?"

गारठलेला_गणू:
मिळाला तर पाणचट. थर्मास पर्समध्ये बसतो, मी काही बोललो नाही.

खमाज:
मध्यंतर एकच, पहिल्या अंकानंतर. मात्र त्यात पडद्यावर गायकांच्या मुलाखती दाखवतात. चहाला एकानेच जा.